आधी पुस्तक, मग यंत्र

(पुस्तके आता कागदाप्रमाणेच पडद्यावरही वाचता येतात. त्यासाठी ई-रीडर घ्यावा की टॅबलेट, असा प्रश्न अनेक घरांत पडतो. हा निर्णय विचारपूर्वक कसा घ्यावा, हे या पाठात सांगितले आहे.)

बोर्ली पंचतन हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाव आहे. दिवेआगरचा समुद्रकिनारा तेथून जवळच आहे. नारळी-पोफळीच्या बागा, उतरत्या छपरांची घरे आणि पावसाळ्यात धो धो कोसळणारा पाऊस, असा हा मुलूख. या भागातील कितीतरी माणसे नोकरीसाठी मुंबईला किंवा आखाती देशांत जातात. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, अशा तीन भाषा मुलांच्या कानांवर पडतात.

अशा गावात पुस्तके जपणे सोपे नसते. पावसाळ्यात हवा दमट होते. पानांना बुरशी येते, वाळवी लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. छपरे उडाली, बागा आडव्या झाल्या, घरांत पाणी शिरले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

आता आपण या गावातील एका घराची कल्पना करू. या घरात सर्वांना वाचनाची आवड आहे. दादी उर्दू कथा-कादंबऱ्या वाचतात. निदान पूर्वी वाचत असत. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, चष्मा बदलला; पण जुन्या पुस्तकांतील अक्षर काही मोठे झाले नाही. दोन वर्षांपासून त्यांची पुस्तके कपाटातच आहेत. अम्मी मराठी कथा वाचतात. आपा कॉलेजात शिकते. ती मराठी आणि इंग्रजी कादंबऱ्या वाचते. धाकटा भाऊ सातवीत आहे. अब्बा आखातात नोकरी करतात. सुट्टीवर येण्यापूर्वी त्यांनी फोनवर विचारले, "वाचनासाठी एक वस्तू आणतो. ई-रीडर आणू की टॅबलेट? दोन्ही आणणे परवडणार नाही."

आपा म्हणाली, "ई-रीडर!" भाऊ म्हणाला, "टॅबलेट!" दादी काहीच बोलल्या नाहीत.

या दोन वस्तूंमध्ये फरक काय, ते आधी पाहू.

ई-रीडरचा पडदा कागदासारखा दिसतो. त्याला 'ई-कागद' म्हणतात. या पडद्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण असतात. त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. यंत्र जेथे काळे कण वर ओढते, तेथे अक्षर उमटते. एकदा पान उमटले, की ते तसेच टिकवण्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून ई-रीडरची बॅटरी कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे चालते. भर उन्हात, अंगणात बसूनही त्यावर वाचता येते. त्याचे वजनही कमी असते. परंतु नेहमीच्या ई-रीडरवर रंग दिसत नाहीत आणि त्याचा पडदा बहुधा सहा-सात इंचांचा असतो.

टॅबलेट हा मोठ्या मोबाइलसारखा असतो. त्याच्या पडद्यातून प्रकाश बाहेर येतो. त्यावर रंगीत चित्रे दिसतात, चलचित्रे चालतात, खेळही खेळता येतात. पडदा दहा-अकरा इंचांचा मिळतो. पण उन्हात तो नीट दिसत नाही, वजनाने जड असतो आणि आठ-दहा तास वापरला की चार्ज करावा लागतो.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, "वाचनासाठी ई-रीडरच चांगला!" आपाचेही तेच मत होते. घाई न करता तिने एक वही घेतली. घरातील प्रत्येकाला पुढील दोन-तीन महिन्यांत कोणती पुस्तके वाचायची आहेत, ते तिने लिहून काढले. दादींची पाच, अम्मींची दोन, आपाची तीन आणि भावाची चार, अशी चौदा पुस्तके झाली. मग प्रत्येक पुस्तक पडद्यावर कोणत्या रूपात मिळते, ते तिने पाहिले.

पडद्यावरची पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मजकूर पाण्यासारखा वाहता असतो. अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने जुळतात. याला 'ईपब' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पान जसेच्या तसे राहते, जणू पानाचा फोटोच. 'पीडीएफ' हा या प्रकारातला. त्यात एकटे अक्षर मोठे करता येत नाही. सगळे पानच मोठे करावे लागते.

अम्मींची आणि आपाची पाच पुस्तके पहिल्या प्रकारात मिळत होती. मराठी पुस्तके किंडल या ई-रीडरवर २०१६ च्या अखेरीपासून मिळू लागली आहेत. भावाची चार पुस्तके म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तके. ती इंटरनेटवर पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात; पण ती मोठ्या आकाराची आणि रंगीत असतात. नकाशातील नदी आणि रस्ता रंगावरूनच ओळखायचा असतो. काळ्या-पांढऱ्या छोट्या पडद्यावर ते कसे जमणार?

राहिली दादींची पाच पुस्तके. ती सर्व जुनी उर्दू पुस्तके होती. उर्दू ही नस्तालीक वळणाने लिहिली जाते, हे तुम्हांला माहीत आहे. या वळणात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरतो. शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. त्यामुळे नस्तालीकचे खिळे पाडून छपाई करणे फार कठीण होते. म्हणून उर्दू पुस्तके कातिब आपल्या हाताने लिहीत आणि ती शिळाछापावर छापली जात. पुढे १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या प्रयत्नांतून 'नूरी नस्तालीक' ही संगणकाची लिपी तयार झाली. त्याआधीची बहुतेक उर्दू पुस्तके मात्र कातिबांच्याच हातची आहेत. ती पडद्यावर येतात ती पानांच्या फोटोंच्या रूपात. संजीव सराफ यांनी स्थापन केलेल्या रेख्ता फाउंडेशनने अशी हजारो पुस्तके इंटरनेटवर आणली आहेत.

आपाने मैत्रिणीकडून एका दिवसासाठी ई-रीडर मागून आणला. त्यात उर्दू पुस्तकाचे एक पान घातले. अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली. पान मोठे केले, तर ओळीचा निम्मा भाग पडद्याबाहेर गेला. एक ओळ वाचण्यासाठी पान उजवीकडून डावीकडे दोनदा सरकवावे लागले. दादींनी चार ओळी वाचल्या आणि ई-रीडर खाली ठेवला. "बेटी, ही वस्तू छान आहे, पण माझ्या किताबीसाठी नाही," त्या म्हणाल्या.

मग शेजारच्या घरचा टॅबलेट आणला. तेच पान उघडले आणि टॅबलेट आडवा धरला. पानाची रुंदी पडद्यात पूर्ण बसली आणि अक्षर छापील पुस्तकापेक्षाही मोठे झाले. दादी वाचू लागल्या. पान संपले, तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारले, "पुढचे पान कसे आणायचे?"

आपाने वहीत हिशेब मांडला. ई-रीडरवर चौदांपैकी पाचच पुस्तके नीट वाचता येत होती. टॅबलेटवर चौदाही उघडत होती. तिने स्वतःच अब्बांना फोन केला, "अब्बा, टॅबलेट आणा. दहा इंचांचा आणा."

याचा अर्थ टॅबलेट सर्वांसाठीच चांगला, असा नाही. ज्या घरात फक्त कथा-कादंबऱ्या वाचतात आणि त्या वाहत्या मजकुराच्या रूपात मिळतात, तेथे ई-रीडरच योग्य ठरेल. यंत्र कितीही उत्तम असो. आपले पुस्तक त्यात नीट वाचता येत नसेल, तर ते आपल्या उपयोगाचे नाही. म्हणून आधी पुस्तक पाहावे, मग यंत्र. यंत्र घेण्यापूर्वी आपले सर्वांत अवघड पुस्तक त्यात उघडून पाहावे. मराठी वाचायचे असेल, तर क्ष, ज्ञ, त्र, र्‍या ही अक्षरे नीट उमटतात का, तेही तपासावे.

टॅबलेटचे तोटे लक्षात घेऊन या घराने काही नियम केले. टॅबलेट कोणा एकाचा नाही, घराचा आहे. त्यात खेळ ठेवायचे नाहीत. वाचताना संदेशांचे आवाज बंद ठेवायचे. दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूरच्या माडाकडे पाहायचे. समुद्राची हवा खारी असते. म्हणून तो पिशवीत झाकून ठेवायचा. वादळाची सूचना आली, की आधी बॅटरी भरून घ्यायची. भावाने तोंड वाकडे केले. पण नियम मान्य केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. छापील पुस्तक विकत घेतले, की ते आपले होते. ते मैत्रिणीला देता येते, नातवंडांसाठी ठेवता येते. पडद्यावरच्या पुस्तकाचे तसे नसते. २००९ साली ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच काढून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे त्यांचे हक्क नव्हते. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली. पण वाचकांच्या हातातले पुस्तक त्यांना न विचारताच काढून घेतले गेले होते. शिवाय रेख्तासारख्या ठिकाणची पुस्तके वाचायला इंटरनेट लागते. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले, तर कंदिलाच्या उजेडात कागदाचे पुस्तकच साथ देते.

म्हणून या घराने कपाट रिकामे केले नाही. जुनी पुस्तके उन्हात वाळवली, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा नीट लावली. दादी आता रोज असरनंतर पडवीत बसून पडद्यावर वाचतात. वाचून झालेली गोष्ट त्या रात्री घरात सर्वांना सांगतात. ती ऐकायला शेजारची मुलेही येतात.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
कुपी – लहान बाटली
कातिब – सुंदर अक्षरात पुस्तके लिहून देणारा
खिळे – छपाईसाठी धातूची अक्षरे
शिळाछाप – दगडावरून केलेली छपाई
पडवी – घराला लागून असलेली छपराखालची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर कधी धडकले?
(आ) दादींची पुस्तके दोन वर्षे कपाटात का राहिली?
(इ) ई-रीडरची बॅटरी जास्त दिवस का चालते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाहता मजकूर आणि पीडीएफ यांतील फरक सांगा.
(आ) आपाने आपले मत का बदलले?

३. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा.
(अ) उर्दू पुस्तके ......... हाताने लिहीत. (सुतार, कातिब, माळी)
(आ) टॅबलेट ......... धरल्यावर पानाची रुंदी पडद्यात पूर्ण बसली. (उभा, आडवा, उलटा)

४. वाक्यात उपयोग करा : तोंड वाकडे करणे, ध्यानात ठेवणे.

५. उपक्रम : तुमच्या घरातील प्रत्येकाला वाचायच्या असलेल्या पुस्तकांची यादी करा. प्रत्येक पुस्तकापुढे त्याची भाषा लिहा. तुमच्या घरासाठी ई-रीडर योग्य की टॅबलेट, की कागदाचे पुस्तकच, ते कारणांसह वर्गात सांगा.