जीपचा डॅशबोर्ड बदलण्याआधी

गोव्यातल्या सुर्ला, पिसुर्ले, वेळगे या खाणपट्ट्यात जुनी जीप ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. तांबड्या चिखलातून माणसं वर खाणीपर्यंत पोचवायची, तर दुसरं वाहन चालतच नसे. माझी सीजे-३बी मॉडेलची जीप अशाच एका खाणीवर राबलेली. इंजिन आणि रंगकामासाठी ती मी शहरातल्या एका गॅरेजात दिली. परत आली तेव्हा डॅशबोर्डवर पाच गोल मीटर चमकत होते. देताना तिथे एकच मोठा मीटर होता.

गॅरेजवाला खुशीत होता. "साहेब, मधल्या कुणीतरी चुकीचा मीटर बसवला होता, मी ओरिजिनल करून दिला." पुरावा म्हणून त्याने पाच मीटरांच्या सीजे-३बीचा मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. जुना पत्रा कापून नवा वेल्डिंगने जोडला होता आणि मीटरसकट जुना तुकडा भंगारात गेला होता. पुढे ही जीप खाणीवर चालवलेले एक म्हातारे ड्रायव्हर भेटले. डॅशबोर्ड पाहून म्हणाले, "बाब, हिका पयलीं सावन एकूच मीटर आशिल्लो."

फोटो खोटा नव्हता आणि ड्रायव्हरही खोटं बोलत नव्हते. जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने अमेरिकेत सीजे-३बी १९५३ ते १९६८ या काळात बनवली. सुरुवातीच्या गाड्यांत वेग, इंधन, तापमान, ऑइलचा दाब आणि अँपिअर असे पाच सुटे मीटर होते. पुढे त्यांच्या जागी एकच मोठा मीटर आला. इंधन आणि तापमानाचे काटे त्याच्या पोटात गेले. ऑइल आणि चार्जिंगसाठी फक्त दिवे उरले. मॉडेलचं नाव तेच, डॅशबोर्ड मात्र दोन आणि दोन्ही कारखान्याचेच.

असं सगळीकडेच आढळतं. १९६५च्या साध्या फोर्ड मस्टँगमध्ये आडव्या पट्टीचा वेगमापक होता, तर त्याच वर्षीच्या जीटीमध्ये पाच गोल मीटर. आपल्या अ‍ॅम्बेसेडर मार्क-३चंही तेच: साध्या गाडीत मधोमध एकच मीटर, डिलक्समध्ये चार. भारतात आणखी एक कारण जोडलं गेलं. १९५०च्या दशकात परदेशी सुटे भाग जोडणं कमी करून ते इथेच बनवा, असं सरकारी धोरण आलं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या आयुष्यात आधी परदेशी मीटर आणि मग देशी मीटर असा बदल होणं स्वाभाविकच होतं.

गोव्यातल्या गाडीबाबत तर मुंबईचा दाखला आंधळेपणाने लावूच नये. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. म्हणजे १९६१पूर्वी, पोर्तुगीज राज्य असताना, इथे आलेली जीप मुंबईत माझगावात महिंद्राने जोडलेली नसून मुरगाव बंदरात थेट परदेशातून उतरलेली असू शकते. त्या राज्यात हिशेब किलोमीटरचा होता. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा आणि रस्त्यावरचे मैल त्यानंतर हळूहळू गेले. त्यामुळे गोव्यातल्या १९५८च्या गाडीचा मीटर किलोमीटरमध्ये दिसला, तर तो 'नंतर बसवलेला' असं लगेच ठरवू नका. मैलांचा दिसला तरी तेवढ्यावरून शंका घेऊ नका.

मग खरं काय ते कसं ओळखायचं? आधी गाडीलाच विचारा. डॅशबोर्डच्या पत्र्याची मागची बाजू बघा. कारखान्यात प्रेसने पाडलेल्या भोकाची कड एकसारखी असते. छिन्नीने किंवा कटरने वाढवलेली कड वाकडी, खरबरीत असते. भोकाच्या आतल्या कडेवर सर्वांत खालचा, पहिला रंग टिकला असेल, तर ते भोक जुनं समजा. वेल्डिंगची रेघ पुटीखाली लपते, पण मागून हाताला लागते. नंतर इंजिनकडे वळा. जुन्या ऑइल मीटरला इंजिनपासून बारीक नळी येते. दिव्याच्या पद्धतीत तिथे वायर जोडलेला स्विच असतो. शेवटी चॅसिस नंबर आणि आर.सी. बुकातलं वर्ष जुळवा आणि त्याच सुमाराच्या, न उघडलेल्या निदान दोन-तीन गाड्या प्रत्यक्ष पाहा. एका फोटोवर निर्णय घेऊ नका.

मीटर बदलणं नुसतं दिसण्यापुरतं नसतं, हे मला वायरिंगने शिकवलं. पाच मीटरांच्या मांडणीत चार्जिंगचा प्रवाह अँपिअर मीटरमधून फिरतो. दिव्यासाठी ओढलेली बारीक वायर तिथे जोडली की ती तापते. माझ्या जीपमध्ये डॅशबोर्डमागून जळका वास आला तो यामुळेच. जुन्या गाड्यांत ६ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन्ही पद्धती आहेत, हेही लक्षात असू द्या. ६ व्होल्टचा मीटर १२ व्होल्टवर लावला तर तो जळायला वेळ लागत नाही.

कायद्याची धास्ती घालून कुणी पत्रा कापायला लावत असेल, तर ऐकू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. गाडी मूळ रूपात हवी, ही अट आहे. मोठे फेरफार म्हणून नियम चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतो. फोटोतल्यासारखे पाच मीटर हवेत असं त्यात कुठेही नाही.

कुणी आधीच बदल करून ठेवला असेल, तर घाईने दुसऱ्यांदा कापू नका. योग्य मीटर हाती आल्यावरच पत्र्याला हात लावायचा. मी सध्या वायरिंग जाड तारेची करून घेतली आहे आणि मीटर शोधतो आहे. विकायची वेळ आली, तर झालेला बदल घेणाऱ्याला लेखी सांगा. आणि गाडी गॅरेजात सोडण्याआधी डॅशबोर्डचे पुढून-मागून फोटो काढा. कामाच्या कागदावर दोन ओळी लिहून त्याखाली सही घ्या: विचारल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग, गंजलेला असला तरी, मालकाला परत द्यायचा. सही करायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडे जीप ठेवू नका.