पडद्यावरची आजी

मुलांनो, लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर सर्वांत आधी काय दिसते? लहान लहान चिन्हे दिसतात आणि त्यांच्या मागे एक मोठे चित्र दिसते. कुणी समुद्राचे चित्र लावतो, कुणी आवडत्या खेळाडूचे. या मागच्या चित्राला वॉलपेपर म्हणतात. वॉलपेपर म्हणजे भिंतीला चिकटवायचा कागद. भिंतीवरचा कागद हलत नाही, पण लॅपटॉपवरचे चित्र मात्र हलू शकते. ते कसे, ते आज पाहू या.

वाक्वा शहरात आमच्या शेजारी एक मुलगी राहते. ती पाचवीत आहे. तिचा दादा शिकण्यासाठी पुण्याला निघाला होता. तीन वर्षे तो दूर राहणार होता. दादाला काय द्यावे, याचा ती विचार करू लागली. त्याच्या बॅगेत तर मुळीच जागा नव्हती. आईने लोणच्याच्या बरण्या आधीच भरून ठेवल्या होत्या. "पुण्यात लोणचे मिळत नाही का?" असे बाबांनी विचारले, पण आईने ऐकले नाही.

मग मुलीला एक युक्ती सुचली. तिने आजीला दारात उभे केले आणि फोनवर तिचे छोटेसे चलचित्र घेतले. आजी हसून हात हलवते आहे, मागे लिचीचे झाड आहे. दादाने लॅपटॉप उघडला की आजी दिसली पाहिजे, अगदी हात हलवताना!

तिने त्या चलचित्राची जिफ फाईल बनवली. ती दादाच्या लॅपटॉपमध्ये घातली. रिकाम्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबले, चित्र बदलण्याची जागा उघडली आणि ती फाईल निवडली. आजी आली. पण तिचा हात खालीच राहिला! चित्र हलेना. मुलीने दोनदा तसेच केले, तिसऱ्यांदा लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आजी आपली स्तब्ध उभी.

असे का झाले असेल? त्यासाठी आधी हलते चित्र म्हणजे काय ते समजून घेऊ. तुमची जुनी वही घ्या. पानांच्या कोपऱ्यात एक चेंडू काढा. पुढच्या पानावर तो थोडा वर काढा, त्याच्या पुढच्या पानावर आणखी थोडा वर. अशी वीस पाने झाली की अंगठ्याने ती भरभर सोडा. चेंडू उडताना दिसेल. खरे तर एकही चेंडू हललेला नाही. चित्रे इतक्या झटपट बदलतात की आपल्याला ती वेगळी वेगळी दिसतच नाहीत. सिनेमातही हीच गंमत असते. तिथे साधारणपणे एका सेकंदात 24 चित्रे दाखवतात.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. त्याच्या आधी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाची चित्रे घेत राहिले. पडद्यावर ती भरभर दाखवली, तेव्हा एवढ्या दिवसांत वाढलेले रोप मिनिटभरात वाढताना दिसले. केवढी चिकाटी लागली असेल!

जिफ फाईल ही तुमच्या वहीसारखीच असते. एका फाईलमध्ये अनेक चित्रे एकामागून एक ठेवलेली असतात. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीतील स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली ही फाईल तयार केली. तिच्या एका चित्रात जास्तीत जास्त 256 रंग मावतात. म्हणून लिचीच्या पानांचे बारीक हिरवे रंग जिफमध्ये थोडे फिके, थोडे ठिपकेदार दिसतात. समजा, आजीचे चित्र चार सेकंदांचे आहे आणि दर सेकंदाला 10 चित्रे दाखवायची आहेत. मग फाईलमध्ये किती चित्रे लागतील? वहीत गुणाकार करून पाहा.

आता आजीचा हात का थांबला, ते कळेल. विंडोज वॉलपेपर लावताना जिफ फाईलमधले पहिलेच चित्र घेते. वहीचे पहिले पान उघडून ठेवावे, तसे. विंडोज 98 मध्ये मागच्या पडद्यावर जिफ हलत असे, पण पुढे ती सोय काढून टाकली गेली. आता चित्र हलवायचे तर वेगळा प्रोग्राम लागतो.

बाबांनी असा एक प्रोग्राम उतरवून घेतला. (तुम्हीही घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय काही उतरवू नका.) तो उघडून मुलीने आजीची फाईल निवडली, आणि काय आश्चर्य! आजीने हात हलवला! पण तिच्या चेहऱ्यावर चिन्हे आली होती. शिवाय हात वर गेला की एकदम झटक्याने खाली येई, कारण चित्रांची वही संपून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होत होती. म्हणून तिने नवे चलचित्र घेतले. आजीला उजवीकडे उभे केले, कारण चिन्हे डावीकडे असतात. आणि हात खाली असतानाच सुरुवात केली, हात खाली आल्यावरच शेवट केला. आता सांधा दिसेनासा झाला.

"अगं, किती वेळा हात हलवू? तो जातो आहे की मी?" आजी म्हणाली.

त्याच संध्याकाळी दादा वसतिगृहाचा लांबलचक अर्ज भरत बसला. वायर लावलेली नव्हती. शेवटचे पान राहिले होते, तोच लॅपटॉप बंद पडला. भरलेला अर्ज गेला! दादा काही बोलला नाही, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

स्थिर चित्र एकदा काढले की काम संपते. हलते चित्र मात्र सेकंदाला अनेक वेळा नव्याने काढावे लागते. त्याला वीज लागते. अर्जाच्या मागे आजी कुणाला दिसतही नव्हती, तरी हात हलवतच होती! लाइव्हली वॉलपेपरसारख्या विनामूल्य प्रोग्राममध्ये यावर उपाय असतो. लॅपटॉप बॅटरीवर असला किंवा दुसऱ्या खिडकीने पडदा झाकला, तर चित्र थांबावे, असे आधीच सांगून ठेवता येते. दादाने आणि मुलीने मिळून तसे करून ठेवले. अर्ज दादाने दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. या वेळी तो प्रत्येक पानानंतर जतन करत होता.

काही दिवसांनी पुण्याहून दादाचा फोन आला.

"काल इथे वीज गेली, तेव्हा आजी थांबली," तो म्हणाला. "वीज आल्यावर पुन्हा हात हलवायला लागली."

आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "त्याला विचार, लोणचे संपले का?"