पूर्वसंशोधनाचा आढावा : प्रबंधातील एक अडलेला भाग
(कात्रजच्या नळाच्या उदाहरणाच्या आधारे)

१. प्रास्ताविक

मराठी विषयातील पीएच.डी.च्या प्रबंधात 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हा भाग बहुधा पहिल्या प्रकरणात येतो आणि अभ्यासक बहुधा तेथेच अडतो. ग्रंथ वाचून झालेले असतात, टिपणांच्या वह्या भरलेल्या असतात. परंतु लेखन पुढे सरकत नाही. सरकलेच तर 'अमुक यांनी अमुक साली अमुक ग्रंथ लिहिला, त्यात पाच प्रकरणे आहेत' अशा वाक्यांची माळ तयार होते. मार्गदर्शक ती परत करतात. अभ्यासक आणखी दहा ग्रंथ वाचतो आणि माळ तेवढी लांबते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार या पदवीसाठी सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. महाविद्यालयात अध्यापन सांभाळून संशोधन करणाऱ्याची त्यांतील एखाददोन वर्षे या एकाच भागावर खर्ची पडली, तर मूळ विषयाच्या विवेचनाला वेळ उरत नाही.

या अडचणीचे मूळ वाचनाच्या उणिवेत शोधले जाते. वस्तुतः ते प्रबंधाचा प्रश्न निश्चित न झाल्यामध्ये असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा एका उदाहरणाच्या आधारे विचार केला आहे.

२. उदाहरणाचे स्वरूप

'पुणे शहराचे वर्णन करणारे मराठी गद्य' असा एखाद्या प्रबंधाचा विषय आहे, असे समजू. या वर्णनांचा विचार करताना कात्रजच्या पाण्याचा उल्लेख टाळता येत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७४०-१७६१), १७५० च्या सुमारास, कात्रजला बंधारे घालून साठविलेले पाणी जमिनीखालील बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आले. नळ, बंधारा, हौद, उच्छ्वास हे शब्द त्या रचनेबरोबर पुणेकरांच्या बोलण्यात रुळले.

अभ्यासकासमोर येणारे साहित्य असे : ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचें वर्णन' (१८६८), मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्यावरील खंड (१८८५), द. ब. पारसनीस यांचे जुन्या पुण्यावरील इंग्रजी पुस्तक (१९२१), भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेले 'पुणे नगर संशोधन वृत्त', धनंजयराव गाडगीळ यांची पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी (१९४५ व १९५२), बा. गो. गोखले यांचा अठराव्या शतकातील पुण्यावरील ग्रंथ (१९८८) आणि म. श्री. माटे यांचा भारतातील जलव्यवस्थापनाच्या इतिहासावरील ग्रंथ (१९९८).

ही नावे सनावळीप्रमाणे मांडून प्रत्येकावर अर्धे पान लिहिले, की आढावा झाल्याचा भास होतो. पण अशा मांडणीत जोशी आणि माटे यांचा एकमेकांशी काय संबंध, हे वाचकाला कळत नाही. आणि प्रबंधकर्ता कोठे उभा आहे, हे तर मुळीच कळत नाही. ती ग्रंथांची सूची होते. मराठीत सूची हे कमी दर्जाचे काम नव्हे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये सिद्ध करून पुढील सर्व अभ्यासकांना ऋणी केले. परंतु सूची जे आहे ते दाखविते, तर आढाव्याने जे आहे त्याचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध दाखवावा लागतो.

३. साधन आणि पूर्वसंशोधन

या संबंधाचा विचार सुरू होताच पहिला गोंधळ समोर येतो. जोशी यांचे पुस्तक साधन मानावे, की पूर्वसंशोधन? पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ते आधीच्या माहितीचा एक आधार आहे. म्हणून त्याच्या आढाव्यात त्याला स्थान मिळेल. वर्णनपर गद्याच्या अभ्यासकाला मात्र तेच पुस्तक अभ्यासविषय आहे. त्याची जागा आढाव्यात नसून पुढील विवेचनात आहे. कृष्णाजी विनायक सोहोनी यांची 'पेशव्यांची बखर' त्याच्या दृष्टीने साधन आहे, तर र. वि. हेरवाडकर यांचा 'मराठी बखर' हा अभ्यास पूर्वसंशोधन आहे.

ग्रंथाचे स्थान ग्रंथावरून ठरत नाही. ते प्रश्नावरून ठरते. प्रश्न अनिश्चित असला, की प्रत्येक ग्रंथ दोन्हीकडे बसतो किंवा कोठेच बसत नाही. अभ्यासक ज्याला 'लिहिता न येणे' म्हणतो, ती स्थिती पुष्कळदा हीच असते.

वर दिलेल्या साहित्याचा प्रश्नानुसार लिहिलेला परिच्छेद कसा दिसेल? तो साधारणतः असा असू शकेल : 'पुण्याविषयीचे आजवरचे लेखन भिन्न हेतूंनी झाले आहे. गॅझेटियरचा हेतू प्रशासकीय आहे. मंडळाच्या अभ्यासकांचा भर कागदपत्रांच्या छाननीवर आहे. गाडगीळांनी शहराचा समाज व अर्थव्यवहार पाहिला, गोखल्यांनी नगराचा इतिहास, तर माट्यांनी पाण्याचे तंत्र. या अभ्यासांत वर्णनाकडे माहितीचा आधार म्हणून पाहिले जाते. वर्णनाची भाषा हा त्यांचा मुख्य विषय नाही. हेरवाडकरांनी बखर या गद्यप्रकाराचा स्वतंत्र विचार केला. तो विचार १८६८ च्या नगरवर्णनापर्यंत आणता येतो काय, हा प्रस्तुत प्रबंधाचा प्रश्न आहे.' या परिच्छेदात माहिती कमी आहे. पण संबंध आहे, आणि शेवटच्या वाक्यात प्रबंधकर्ता स्वतः उभा राहतो.

४. ज्येष्ठांविषयीचा संकोच

दुसरी अडचण मनोवृत्तीची आहे. ज्यांचे ग्रंथ अभ्यासक्रमात वाचले, त्यांच्या मताला मर्यादा आहे असे लिहिताना नव्या अभ्यासकाचा हात थबकतो. त्यामुळे प्रत्येक वाक्य 'यांच्या मते' या शब्दांनी सुरू होते आणि 'असे ते म्हणतात' या शब्दांनी संपते.

मराठी संशोधनाची परंपरा मात्र मतभेदांतून वाढलेली आहे. ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव भिन्न होत, हा पक्ष शि. ए. भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. तो सर्वमान्य झाला नाही. परंतु त्याचे खंडन करण्यासाठी भाषा, संप्रदाय आणि परंपरा यांची नव्याने छाननी करणे विद्वानांना भाग पडले. साधार मतभेद हा अनादर नव्हे; पूर्वसूरींचे म्हणणे गंभीरपणे घेतल्याची ती खूण आहे.

या दृष्टीने क्रियापदांची निवड महत्त्वाची ठरते. 'नोंदवितात', 'सुचवितात', 'गृहीत धरतात', 'सिद्ध करतात' ही क्रियापदे समानार्थी नाहीत. एखाद्या लेखकाने कात्रजच्या नळाचे वर्ष पुराव्याशिवाय दिले असेल, तर तो ते 'नोंदवितो'. अस्सल कागद देऊन ठरविले असेल, तर 'सिद्ध करतो'. एवढा भेद पाळला, तरी वेगळी टीका न करता मूल्यमापन होते. तसेच, एखादे विधान मूळ ग्रंथात न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतले असेल, तर तसा स्पष्ट निर्देश करणे अगत्याचे आहे. अन्यथा एकाची चूक पुढील दहा प्रबंधांत प्रमाण होऊन बसते.

५. 'पोकळी'चा दावा

आढाव्याच्या शेवटी 'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही' हे विधान जवळजवळ ठरलेले असते. ते सिद्ध करणे अवघड असते आणि खोडून काढण्यास एक विस्मृत लेख पुरतो. त्याऐवजी शोध कोठे घेतला, हे सांगावे. दाते यांची ग्रंथसूची, दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली नियतकालिकांची सूची, 'शोधगंगा' हे प्रबंधांचे भांडार आणि, तेथे न आलेल्या जुन्या प्रबंधांसाठी, विद्यापीठांची ग्रंथालये ही त्याची किमान स्थाने होत. शिवाय, केवळ कोणी लिहिले नाही एवढ्याने विषय संशोधनीय ठरत नाही. असलेल्या उत्तरांनी कोणता प्रश्न सुटत नाही, हे दाखविता आले तरच तो तसा ठरतो.

६. लेखनाचा क्रम

प्रश्नाशिवाय आढावा लिहिता येत नाही आणि आढाव्याशिवाय प्रश्न नेमका होत नाही, असा हा पेच आहे. तो सोडविण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे आढावा दोनदा लिहिणे. नोंदणीच्या वेळी चार-पाच पानांचा कच्चा आढावा लिहावा. त्यात प्रत्येक ग्रंथापुढे 'याने कोणता प्रश्न विचारला?' एवढेच एका वाक्यात नोंदवावे. मग मूळ साधनांकडे वळावे. विवेचनाची प्रकरणे लिहून झाल्यावर पहिल्या प्रकरणाकडे परत यावे. तोपर्यंत कोणता ग्रंथ खरोखर उपयोगी पडला, कोणाशी वाद घालावा लागला आणि कोणाचा केवळ नामनिर्देश पुरे, हे स्पष्ट झालेले असते. पहिल्या लेखनातील निम्मी नावे दुसऱ्यात गळाली, तर वाचन वाया गेले असे समजू नये. ती संदर्भसूचीत राहतीलच.

प्रबंधात पहिले प्रकरण आधी छापले जाते, म्हणून ते आधी पूर्ण झाले पाहिजे, असा कोणताही नियम नाही. मार्गदर्शकांनी ही मुभा आरंभीच स्पष्ट केली, तर या भागापाशी खोळंबलेले कितीतरी अभ्यासक आपल्या मूळ विषयापर्यंत वेळेत पोहोचतील.