घरगुती गॅस आणि इमारतीची मजबुती : रोनन पॉइंटचा धडा

नळाने घरात येणारा नैसर्गिक गॅस ही शहरी जीवनातील मोठी सोय होय. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे आदी शहरांतील असंख्य स्वयंपाकघरांत तो पोहोचला आहे. या गॅसच्या सुरक्षिततेचा विचार करताना शेगडी, नळी आणि झडप यांकडे लक्ष दिले जाते व ते योग्यच आहे. परंतु ज्या भिंतींच्या आधाराने ही नळी जाते, त्या भिंतींच्या स्थितीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे इंग्लंडमधील एका दुर्घटनेने जगाला दाखवून दिले.

एका नटामुळे घडलेला अनर्थ

पूर्व लंडनमधील न्यूहॅम भागात रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत १९६८ साली बांधून पूर्ण झाली. कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्या एकमेकींवर रचून ती उभारण्यात आली होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास १८ व्या मजल्यावरील एका भाडेकरू स्त्रीने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. त्यासरशी कोपऱ्यावरील भिंतीच्या फळ्या बाहेर फेकल्या गेल्या. आधार गेल्यामुळे वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या भाराने खालचेही एकापाठोपाठ एक ढासळत गेले. या दुर्घटनेत ४ जण मृत्युमुखी पडले व १७ जण जखमी झाले. कोसळलेल्या भागात मुख्यतः बैठकीच्या खोल्या होत्या आणि त्या वेळी बहुतेक रहिवासी शयनगृहांत झोपलेले होते. म्हणूनच प्राणहानी याहून मोठी झाली नाही.

सरकारी चौकशीत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. शेगडीला गॅसची नळी जोडणारा पितळी नट सदोष होता व तेथून गॅस गळला, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. स्फोट फारसा मोठा नव्हता. शेगडीजवळ असलेली ती स्त्रीही त्यातून वाचली. मात्र भिंती आणि मजले यांचे जोड इतके कमकुवत होते की, तेवढा दाबही त्यांना सोसला नाही. १९८६ मध्ये ही इमारत उतरविण्यात आली. त्या वेळी जोडांच्या पोकळीत काही ठिकाणी काँक्रीटऐवजी वर्तमानपत्रांचे कागद आढळले.

रोनन पॉइंटमध्ये नैसर्गिक गॅस नव्हता. कारखान्यात तयार केलेला शहरी गॅस होता. पण धडा दोहोंना सारखाच लागू पडतो.

नियम झाला, नोंद राहिली नाही

यानंतर इंग्लंडमध्ये बांधकामाचे नियम बदलले. अशा इमारतींत गॅस ठेवायचा असल्यास महत्त्वाच्या भागांनी प्रति चौरस मीटर ३४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीन टन इतका दाब सोसला पाहिजे, असे ठरले. गॅस नसेल तेथे १७ किलोन्यूटनची मर्यादा ठेवण्यात आली. थोडक्यात, इमारत मजबूत करावी, अन्यथा तिच्यातील गॅस काढून टाकावा, असा त्याचा अर्थ होता.

तथापि, नियम करणे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात ठेवणे यांत अंतर असते. दक्षिण लंडनमधील लेडबरी वसाहतीत याच पद्धतीच्या चार उंच इमारती होत्या. भिंतींना रुंद भेगा पडल्याची तक्रार तेथील रहिवासी अनेक वर्षे करीत होते. २०१७ मध्ये अभियंत्यांनी तपासणी केली, तेव्हा या इमारती गॅससाठी पुरेशा मजबूत केल्या होत्या याची खात्री देता येईना. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील गॅसपुरवठा तातडीने बंद करावा लागला. रोनन पॉइंटनंतर ४९ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि तोही रहिवाशांच्या तक्रारींमुळे!

आपल्यापुरता बोध

आपल्याकडील बहुसंख्य इमारती फळ्यांच्या नव्हेत. त्यामुळे हा धोका जसाच्या तसा येथे लागू होत नाही. परंतु इमारत खचली की भिंतीबरोबर नळीवर ताण येतो व तिचे सांधे सैल होऊ शकतात. ओलीमुळे नळी गंजते. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि भेगांतून व पोकळ्यांतून शेजारच्या किंवा वरच्या घरात जाऊ शकतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. सिलिंडरमधील गॅस याउलट हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत व गटारांत साचतो. म्हणून ग्रामीण भागातील घरांनाही हा विषय परका नाही.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची स्थैर्यतपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ही तपासणी करताना गॅसच्या नळ्यांचीही पाहणी करून घेणे गृहनिर्माण संस्थांच्या हिताचे ठरेल. नळी भिंतीत गाडू नये, फर्निचरमागे झाकू नये आणि भिंत पाडताना वा फोडताना गॅस कंपनीला आधी कळवावे. स्वयंपाकघरातील हवेची वाट बंद करू नये. वास आल्यास झडप बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन तातडीच्या क्रमांकावर कळवावे. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या गॅससाठी कंपनीने दिलेला क्रमांक दारापाशी लिहून ठेवावा.

शिक्षकांना ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचविता येईल. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी मात्र आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. भेगेची तक्रार घेऊन येणाऱ्या नागरिकाला त्रासदायक न मानता त्याचे म्हणणे तारखेसह नोंदवावे, जागेची पाहणी करावी आणि ती नोंद पुढील अधिकाऱ्याच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी. लेडबरीत नेमकी हीच साखळी तुटली होती.