चुलीजवळचा पाठ

बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेने जाता बिंदुसरेच्या धरणाजवळ पाली हे गाव लागते. बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहिलेली सारीच मुले हंगामी वसतिगृहात असतात असे नाही. कित्येक म्हाताऱ्या आजीजवळ राहतात, आणि दहाबारा वर्षांच्या मुलीच्या हाती चूल येते. तेव्हा पाली व आसपासच्या शाळांतून स्वयंपाकाचा पाठ द्यावयाचा तो केवळ मुलींचा विषय म्हणून देऊ नये. मुलगेही परातीपुढे बसले पाहिजेत.

आरंभ भाकरीपासून करावा. गव्हाच्या पिठास चिवटपणा देणारा ग्लुटेन हा घटक ज्वारीत नसतो. पिठात आधणाचे पाणी घातले की त्यातील पिष्टमय भाग फुगून चिकट होतो व थापताना भाकरीच्या काठास भेगा पडत नाहीत. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते. म्हणून दळण थोडे थोडे आणणे बरे. वर्गात एकाच पिठाचे दोन गोळे, एक थंड व एक कढत पाण्यात भिजवून, मुलांच्या हाती द्यावेत. बोटांनी दाबून पाहताच ती फरक स्वतःच सांगतील. कढत पाणी मात्र शिक्षकाने स्वतः ओतावे आणि पीठ प्रथम उलथन्याने कालवावे. भाकरी तव्यावर पडताच वरून पाण्याचा हात फिरवतात तो कशासाठी, हेही विचारावे. त्याने वरचा भाग सुकून तडकत नाही, आणि पुढे आतील वाफ कोंडून भाकरी फुगते.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालण्याची सवय काही घरांत आहे. त्याने ब गटातील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ आधी भिजत घालणे हा खरा उपाय. मटकीस मोड आणल्यास तिच्यात क जीवनसत्त्व वाढते, व त्यास खर्च काहीच पडत नाही.

मापनाचे उदाहरण शाळेतच आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ हे प्रमाण आहे. ४० मुलांस ४ किलो तांदूळ व ८०० ग्रॅम डाळ, हे गणित फळ्यावर न सोडवता तराजूपुढे सोडवावे.

यानंतरचा भाग घाईने उरकू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. बीड हा कापसाचा जिल्हा आहे. फवारणीचे औषध घरोघर येते, आणि त्याचा रिकामा डबा चांगला दिसतो म्हणून जपून ठेवला जातो. असा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पीठ अथवा पाणी ठेवू नये. तो भोक पाडून निकामी करावा. घरात असे डबे कोठे आहेत ते मुलांनी नुसते पाहून यावे, हात लावू नये. काढण्याचे काम वडीलधाऱ्यांचे. तेलास किंवा पिठास अनोळखी वास आला तर ते चाखून पाहू नये. गंडामनच्या स्वयंपाकिणीने तेलाच्या वासाविषयी शंका काढली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आजीस ठाऊक असते. आंबट पदार्थाने भांड्यातील तांबे अन्नात उतरते. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी वा ताक ठेवू नये. उन्हाळ्यात सकाळचा भात रात्रीपर्यंत तसाच ठेवणे धोक्याचे असते. पुन्हा तापवूनही त्यातील काही विषे जात नाहीत. पिण्याच्या पाण्यास लांब दांड्याचे ओगराळे असावे, म्हणजे माठात हात बुडत नाही.

शेवटी भाजण्याविषयी. चूल विझू लागली तरी तीवर रॉकेल ओतू नये. कढईतील तेल पेटल्यास पाणी टाकू नये; आच बंद करून वर झाकण सरकवावे. भाजलेल्या जागी तूप, शाई अथवा दंतमंजन न लावता २० मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी आणि फोड मोठा असल्यास दवाखान्यात न्यावे. ही कृती थंड चुलीपुढे दोन दोन मुलांकडून करवून घ्यावी: एकाने हात पुढे करावा, दुसऱ्याने तांब्याने धार धरावी. वीस मिनिटे किती लांब असतात हे मुलांस तेव्हाच कळते.