गाडीवरच्या गालिचा-धुलाई यंत्राचा पंप : दोष कसा ओळखावा, पंप कसा बदलावा

गालिचे व सतरंज्या धुऊन देण्याचा धंदा आता अंगणापुरता राहिलेला नाही. टेम्पोवर पाण्याची टाकी, इंजिन आणि पंप चढवून कारागीर थेट मशिदीत, मंगल कार्यालयात किंवा मंडपवाल्याच्या गोदामावर जातो व काम जागेवरच करून देतो. या धंद्याचा हंगाम मात्र थोड्या दिवसांचा. शाबान महिना लागला की मशिदींचे गालिचे निघतात आणि लग्नसराई संपली की मंडपाच्या सतरंज्या. नेमक्या त्याच दिवसांत पंपाने दगा दिला तर रोजची मजुरी बुडते आणि दिलेला शब्दही जातो. अशा घाईत कोणी ‘पंप गेला’ म्हटले की कारागीर उधारी करून नवा पंप आणतो. पुष्कळदा जुना पंप धडधाकट असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. तसे झाले तर नवा पंप बसवूनही यंत्र चालत नाही, किंवा महिनाभरात तोही बिघडतो. म्हणून पंप बदलण्यापूर्वी कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि बदलायचाच झाला तर कसा बदलावा, हे आपण या लेखात पाहू.

यंत्राची ओळख

यंत्र गाडीवर ठेवून गालिचा जागेवर साफ करण्याची कल्पना जुनी आहे. 1901 साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढणारे यंत्र बनवले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवर न्यावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जात. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे याच यंत्राने साफ केले होते. आज परदेशात जी मोठी यंत्रे गाडीत बसवतात त्यांत एकच इंजिन दोन कामे करते. ते पाण्याचा पंप फिरवते आणि घाण पाणी परत ओढणारा ब्लोअरही फिरवते.

येथे पहिला फरक ध्यानात ठेवावा. फवारा जोरदार आहे पण गालिचा चिंब ओला राहतो, तर दोष ब्लोअरचा, त्याच्या नळीचा किंवा टाकीच्या झाकणाच्या रबराचा आहे. पंपाला हात लावण्याचे कारण नाही. फवाराच मंद आहे किंवा झटके देत येतो, तरच पंपाच्या बाजूला वळावे.

आपल्याकडे या कामाला एचटीपी पंप चालतो. फळबागांच्या फवारणीला आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवर वापरतात तोच. गालिच्याला साधारण 15 ते 30 किलोचा दाब पुरतो आणि हा पंप तेवढा दाब आरामात देतो. त्याचे वॉशर-व्हॉल्व्ह फवारणी पंपांच्या दुकानात मिळतात, ही मोठी सोय आहे.

पंप काम कसे करतो

1206 साली अल-जजरी यांनी दियारबकर येथे आपला यंत्रांवरील ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन पिस्टनच्या पंपाचे वर्णन आहे. एक पिस्टन पाणी ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो आणि पाणी उलटे जाऊ नये म्हणून झडपा असतात. आपल्या पंपाचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की आपल्या पंपात पिस्टन तीन असतात, म्हणून धार अधिक सलग येते. प्रत्येक पिस्टनला एक पाणी आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा, असे एकूण सहा व्हॉल्व्ह असतात.

आता मुख्य मुद्दा. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे नोझलच्या बारीक छिद्रात पाणी अडल्यामुळे. म्हणून गेजचा काटा खाली आला एवढ्यावरून पंपाला दोष देता येत नाही. पंप ठरलेले पाणी देतो की नाही, हे आधी मोजावे. मोजायला एक बादली आणि एक घड्याळ पुरते.

तपासणीचा क्रम

सुरुवातीला इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. गनचा खटका दाबून नळीतील दाब सोडावा. गरम पाण्याचे यंत्र असेल तर ते थंड होऊ द्यावे. दाबाखालची गळती कधीही बोटाने चाचपू नये. बारीक धार कातडीत घुसते आणि जखम वरून दिसते त्याहून फार खोल असते.

1) पाणी येण्याची बाजू. टाकीत पाणी आहे का, जाळी गाळाने भरली आहे का, ओढणारा पाइप मऊ पडून चिपकतो का, क्लॅम्प ढिला होऊन हवा घेतो का, हे पाहावे. हवा शिरत असली की गेजचा काटा थरथरतो, नळी उडते आणि पंप खडखडतो. खात्री करायची तर पाण्याची बादली पंपापेक्षा उंच ठेवून आखूड व जाड पाइपने पंपाला सरळ पाणी द्यावे. त्याने यंत्र सुधारले तर दोष टाकी ते पंप या पाइपात आहे.

2) पट्टा. पट्टा घसरत असेल तर पंप कमी फेरे फिरतो आणि पाणी त्याच प्रमाणात घटते. चकाकणारी पुली, जळका वास व चिरचिर आवाज या त्याच्या खुणा आहेत. पुलीची चावी कापली गेली असेल तर पुली फिरते आणि शाफ्ट जागेवर राहतो.

3) बादलीची परीक्षा. नोझल काढावे, इंजिन नेहमीच्या वेगाने चालवावे आणि 20 लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहावे. समजा पंपावरील पट्टीप्रमाणे त्याने मिनिटाला 20 लिटर पाणी दिले पाहिजे. बादली 60 ते 65 सेकंदांत भरली तर पंपाचे ओढणे-ढकलणे ठीक आहे. सुमारे 90 सेकंद लागले तर तीनपैकी एक पिस्टन काम करत नाही, कारण पाणी दोन तृतीयांश झाले. सुमारे तीन मिनिटे लागली तर एकच पिस्टन चालू आहे. रेग्युलेटरच्या परतीच्या पाइपातून काही पाणी टाकीत जात असेल तर तेही मोजात धरावे, नाहीतर हिशेब चुकेल.

4) पाणी पुरेसे, दाब कमी. आता दोष नोझलचा किंवा रेग्युलेटरचा. नवे नोझल लावून पाहावे. ही वस्तू लहान, पण तिचा परिणाम मोठा आहे. पाणी तेवढेच असताना नोझलचे छिद्र झिजून व्यासाने दहावा भाग वाढले, तरी दाब जवळपास एक तृतीयांश उतरतो. म्हणजे 30 किलोचे सुमारे 20 किलो होतात. नवे नोझल लावूनही दाब चढत नसेल तर परतीचा पाइप पाहावा. गन चालू असताना तिकडून जोराने पाणी जात असेल तर रेग्युलेटरची सीट झिजली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे. झिजलेल्या नोझलवर उपाय म्हणून रेग्युलेटर आवळत जाणे ही वाईट सवय आहे. नवे नोझल लागताच दाब एकदम वर जातो आणि नळी फुटते.

5) पाणीच कमी. येथे पंप उघडावा. सहाही व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कपड्यावर क्रमाने मांडावेत. स्प्रिंग तुटलेली, सीटवर खड्डा, मध्ये वाळूचा कण, असे काही ना काही सापडते. पिस्टनखालच्या छिद्रातून पाणी टपकत असेल तर वॉशर गेले. पंपातील तेल दुधाळ दिसले तर ऑइल सीलमधून पाणी आत जात आहे. तेल ताबडतोब बदलावे, नाहीतर बेअरिंग खाल्ली जाते.

वॉशरबद्दल एक गोष्ट. पाण्याचा दाब वाढला की वॉशरची कड आपोआप पसरून घट्ट बसते. जोसेफ ब्रामा याने 1795 साली पेटंट घेतलेल्या हायड्रॉलिक प्रेसमध्येही चामड्याची वळी याच युक्तीने पाणी रोखते. तेव्हा ग्लँड पान्याने जीव लावून आवळण्याची गरज नसते. जास्त आवळली तर वॉशर तापून जळतो आणि पिस्टनवर रेघा पडतात.

पंप केव्हा बदलावा

वॉशर, व्हॉल्व्ह आणि ऑइल सील हे झिजायचेच सामान आहे. ते बदलणे म्हणजे दुरुस्ती. पंप बदलण्याची वेळ चार कारणांनी येते. क्रँक किंवा तिची बेअरिंग खिळखिळी झाली, कास्टिंगला तडा गेला, व्हॉल्व्हच्या बैठका खाऱ्या पाण्याने खाऊन टाकल्या, किंवा पिस्टनसकट आतील सामानाची किंमत नव्या पंपाच्या जवळ गेली. बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. पट्टा काढून पुली हाताने वर-खाली व आत-बाहेर हलवून पाहावी. मोकळी हालली तर बेअरिंग गेली. पट्टा चढवून, नोझल काढून आणि उंच बादलीतून पाणी देऊनही ठोका तसाच येत असेल तर तो हवेचा नाही, आतल्या भागांचाच आहे.

नवा पंप बसवताना

दुकानात जाण्यापूर्वी जुन्या पंपाची पट्टी उतरवून घ्यावी. मिनिटाचे पाणी, जास्तीत जास्त दाब, फेरे, फिरण्याची दिशा, शाफ्टची जाडी, चावीचे माप, पायाच्या बोल्टांमधील अंतर आणि दोन्ही पाइपांचे आटे, एवढे कागदावर हवे. मोठा पंप घेतला म्हणजे काम जास्त होते असे नाही. त्याला शक्तीही जास्त लागते. मिनिटाचे लिटर गुणिले किलोचा दाब, भागिले 600 केले की लागणारे किलोवॅट मिळतात. 20 लिटर व 30 किलोला एक किलोवॅट लागतो. पट्ट्यातील व पंपातील घट धरून दोन अश्वशक्ती हाताशी असावी. ब्लोअर त्याच इंजिनावर असेल तर त्याची शक्ती वेगळी मोजावी. ती पुष्कळच जास्त असते.

फेऱ्यांचा हिशेबही आधी करावा. इंजिनाच्या फेऱ्यांना इंजिनाच्या पुलीच्या व्यासाने गुणावे आणि पंपाच्या पुलीच्या व्यासाने भागावे. इंजिन 2,400 फेऱ्यांनी चालत असेल, त्याची पुली 3 इंची आणि पंपाची 9 इंची असेल, तर पंप 800 फेरे फिरेल. पट्टीवर लिहिल्यापेक्षा जास्त फिरवला तर पंप पाणी पुरते ओढू शकत नाही, आत बुडबुडे फुटून ठोके बसतात आणि व्हॉल्व्ह लवकर जातात.

बसवताना दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे ताणलेल्या दोरीने पाहावे. पट्टे दोन असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. ओढण्याचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नसावा. पुस्तिकेत सांगितलेले तेल खुणेपर्यंत भरावे. प्रथम रेग्युलेटर पूर्ण ढिला ठेवून काही मिनिटे बिनदाबाने चालवावे. हवा निघून धार सलग झाली की दाब थोडा थोडा चढवावा. बहुतेक कंपन्या पहिले तेल सुमारे 50 तासांनी बदलायला सांगतात. ते टाळू नये.

जुना पंप कशाने गेला?

हा प्रश्न न सोडवता नवा पंप चालू करणे म्हणजे तेच नुकसान पुन्हा बोलावणे. आपल्या जिल्ह्यात याचे एक कारण पाणी हेच आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील बोअरचे खारे पाणी पंपात रात्रभर राहिले की लोखंड खाते, सुकल्यावर व्हॉल्व्हवर पांढरी खपली धरते आणि तीच खपली वॉशर कापते. घाटावर खारेपणा कमी असला तरी जड पाण्याचा थर हीटरच्या नळीत बसतोच. म्हणून काम संपल्यावर शेवटची पाच मिनिटे गोड, साध्या पाण्याने पंप धुवावा आणि पाणी पूर्ण सोडून द्यावे. साबणाचे किंवा सोड्याचे पाणी आत ठेवू नये. गन बंद ठेवून इंजिन चालू सोडू नये, कारण तेच पाणी फिरून तापते व वॉशर जळतो. परतीचा पाइप पंपाच्या तोंडाशी न जोडता टाकीत सोडावा.

कापडाच्या धंद्यातला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. पंपाच्या लहरी दाबाचे नुकसान आधी मालावर दिसते. मंद फवाऱ्याने साबण तळाशी राहतो आणि गालिचा आठवडाभरात पुन्हा काळवंडतो. दाब एकदम चढला तर लोकरीचे केस उखडतात. तागाच्या पाठीचा गालिचा जास्त भिजला तर पाठ आकसते आणि पिवळट-तपकिरी डाग वर येतात. सुती सतरंजी ओलीच गुंडाळली तर कुबट वास धरते. गिऱ्हाइकाचा माल आपल्याकडे अमानत असतो. पंप ठीक आहे की नाही असा संशय असेल, तर त्या दिवशी गालिचा यंत्राखाली न घेणे हेच बरे.

शेवटी, एक छोटी वही गाडीतच ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बादली किती सेकंदांत भरली आणि गेज किती किलोवर होता, एवढे दोनच आकडे तीत लिहावेत. 62 चे 68, 68 चे 75 होत गेलेले दिसले की वॉशर मागवण्याची वेळ झाली, हे हंगामाच्या आधीच कळते. मग शाबानच्या मध्यावर कोणी ‘पंप गेला’ म्हणाला तरी वही उघडून त्याच्याशी बोलता येते.