टेनिसचा एक आठवडा आणि खुब्याचे दुखणे

आरोग्याच्या सदरात टेनिस कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण खेळाच्या पानावर ज्या बातम्या येतात, त्यांत हारजितीच्या आकड्यांबरोबर दुखण्यांचीही बरीच माहिती असते. ती आपण वाचतो आणि पान उलटतो. आज अशाच एका आठवड्याकडे वैद्यकीय नजरेने पाहू.

आठवडा आहे ३१ डिसेंबर २०१८ ते ६ जानेवारी २०१९ हा. नव्या वर्षाचा टेनिस हंगाम याच सुमारास सुरू होतो. त्या आठवड्यात पुरुषांच्या स्पर्धा तीन ठिकाणी चालू होत्या : ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, कतारमध्ये दोह्याला आणि आपल्या पुण्यात बालेवाडीला. महिलांच्या स्पर्धा ब्रिस्बेन, ऑकलंड आणि चीनमधील शेन्झेन येथे होत्या. पुण्यात दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनने इव्हो कार्लोविचला हरविले. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता! चाळिशी आली की जिना चढताना कठड्याला हात लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र जिंकलेल्या अँडरसनचे ते वर्ष पुढे कोपराच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यातच गेले.

दोह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला टोमास बर्डिच पाठीच्या दुखण्यामुळे कित्येक महिने बाहेर राहून परतला होता. तो हरला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने खेळ सोडला. ब्रिस्बेनला राफेल नदालने मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे एकही सामना न खेळता माघार घेतली. महिन्याअखेर तोच नदाल ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत होता. ब्रिस्बेनची स्पर्धा जिंकली जपानच्या केई निशिकोरीने. त्याच्या उजव्या मनगटाला ऑगस्ट २०१७ मध्ये दुखापत झाली होती. पाच महिने विश्रांती घेऊन तो परतला तो थेट मोठ्या स्पर्धेत नव्हे, तर अमेरिकेतल्या दुय्यम स्पर्धांत. हात मोडून प्लास्टर निघाले की दुसऱ्या दिवशी पाण्याची कळशी उचलणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगून सांगून आम्ही डॉक्टर थकलो आहोत.

पण त्या आठवड्यातील सर्वांत बोलका सामना अगदी सुरुवातीच्या फेरीतला होता. २ जानेवारीला ब्रिस्बेनला अँडी मरे हा ब्रिटिश खेळाडू सरळ दोन सेटमध्ये हरला. हा माणूस एके काळी जगात पहिल्या क्रमांकावर होता. २०१७ पासून उजवा खुबा त्याला छळत होता. जानेवारी २०१८ मध्ये एक शस्त्रक्रियाही झाली होती. पण दुखणे गेले नाही. ११ जानेवारीला मेलबर्नला पत्रकारांसमोर त्याला रडू आवरेना. खेळणे तर सोडाच, बूट-मोजे घालतानाही दुखते, असे त्याने सांगितले.

वाचकहो, बूट-मोजे घालता न येणे हे खुब्याच्या दुखण्याचे फार जुने आणि खात्रीचे लक्षण आहे. आपल्याकडे मोजे कमी घालतात, म्हणून मी रुग्णांना वेगळे विचारतो : पायाची नखे कापता येतात का? मांडी घालून जेवायला बसता येते का? लुगडे नेसताना किंवा पायजमा चढवताना कशाला तरी टेकावे लागते का?

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोबणीत फिरतो. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. साधे चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. म्हणजे पाच किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला बारा-पंधरा किलोंचे ओझे कमी झाले.

घोटाळा होतो तो जागेवरून. लोक कमरेच्या बाजूला हात लावून ‘खुबा दुखतो’ म्हणतात, ते पुष्कळदा पाठीचे किंवा स्नायूचे दुखणे असते. खऱ्या खुब्याची कळ बहुधा जांघेत येते, आणि कधीकधी फक्त गुडघ्यात. माझ्याकडे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आले होते. वर्षभर गुडघ्याला तेल, शेक, पट्टा सर्व झाले होते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला होता. त्यांना टेबलावर झोपवून पाय आत-बाहेर फिरवला, तेव्हा ते कळवळले. दोष खुब्यात होता.

तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर अधिक सावध व्हावे. काहींच्या बाबतीत गोळ्याचा रक्तपुरवठाच कमी होतो आणि हाड आतून मरते. दारूचे व्यसन आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे ही त्याची मोठी कारणे. सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, एमआरआयमध्येच कळते. म्हणून सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत आराम’ देणारी बिननावाची पुडी घेऊ नये. तिच्यात स्टिरॉइड असू शकते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणेही पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडते.

म्हातारे माणूस पडले, उठता येईना आणि पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर हाड मोडलेले समजावे. चोळू नये, चालवू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. मूल तापाबरोबर लंगडू लागले तरी तेच.

झीज थोडी असेल तर वजन, शिकवून घेतलेले व्यायाम आणि काठी यांवर बरेच दिवस निघतात. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. दहांतले आठ जण ती उलट धरतात, सिनेमातल्या म्हाताऱ्यांसह!

मरेचे पुढे काय झाले? १४ जानेवारीला मेलबर्नला तो चार तास नऊ मिनिटे झुंजून पाच सेटमध्ये हरला. हरविणारा होता रोबेर्तो बाउतिस्ता आगुट, त्या वर्षीचा दोह्याचा विजेता. २८ जानेवारीला लंडनमध्ये मरेची दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिच्यात हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत. तो घासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि खोबणीत धातूची वाटी. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तो खेळला.

ही टोपीची शस्त्रक्रिया सर्वांना योग्य नसते. ती मुख्यतः मजबूत हाडांच्या तरुण पुरुषांत करतात. वयस्कर रुग्णांत बहुधा पूर्ण सांधा बदलतात, आणि चालण्याफिरण्यासाठी तो उत्तम असतो. त्यानंतर मांडी घालणे, उकिडवे बसणे, खाली बैठक मारणे किती दिवस टाळायचे, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना घरी जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे. घरात कमोडची खुर्ची आणि उंच पलंग यांची सोय मात्र रुग्णालयात दाखल होण्याआधीच करावी.